नळीवाला रघुनाथ

नळी पांढरी होती आणि दत्तू खाली पडलेला होता.

रघुनाथ खड्ड्याच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसला होता. सकाळी तपासलेली काचेची नळी डोळ्यांजवळ नेऊन तो पुन्हा पुन्हा बघत होता. खाली गाळात दत्तू पालथा, आणि त्याला उचलायला उतरलेला किसन त्याच्या पाठीवर आडवा. किसननं हाकसुद्धा मारली नाही. शिडीची शेवटची पायरी सोडली आणि पोतं पडावं तसा पडला. वर माझा भाऊ बबन पायातल्या चपला काढत होता. दत्तू त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ. "दत्तू, आरं दत्तू, आलो रं," म्हणत बबननं शिडीवर एक पाय टाकला, मग दुसरा, आणि कंबरेपर्यंत आत गेला.

तेव्हा रघुनाथनं हातातली नळी टाकली आणि माझ्या भावाचे केस धरले.

मी चार हातांवर बादली घेऊन उभी होते. हे सगळं माझ्यासमोर झालं. पण रघुनाथ कोण होता ते आधी सांगितलं पाहिजे. नाहीतर वाचणारा त्याला देव तरी समजेल नाहीतर राक्षस. तो दोन्ही नव्हता. तो एक घाणेरडा माणूस होता आणि मी त्याच्याबरोबर सात वर्षं काम केलं.

कारखाना मक्यापासून स्टार्च काढायचा होता. नाशिक रस्त्यावर, कळंबच्या अलीकडे. नाव लिहीत नाही. बंद पडून पुष्कळ वर्षं झाली, आता तिथं टोमॅटोचे क्रेट ठेवतात. मका भिजवायचा, दळायचा, धुवायचा. जे पांढरं खाली बसतं ते वाळवून पोत्यात भरायचं आणि जे पाणी उरतं ते मागच्या बंद खड्ड्यात सोडायचं. खड्डा दोन पुरुष खोल, वर सिमेंटची स्लॅब, स्लॅबला माणूस उतरेल एवढं तोंड. त्यात ते पाणी कुजायचं. नासकी अंडी, मेलेली घूस आणि तुंबलेली मोरी एकत्र केली तर जो वास येईल तो आमच्याकडे बारा महिने यायचा. भाकरी मोडली तरी भाकरीला तो वास. एसटीत मी बसले की शेजारची बाई पदर नाकाला लावून सरकायची. पहिल्या वर्षी मला लाज वाटायची. नंतर म्हटलं, बरं झालं, बसायला जागा मिळते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. झाडलोट, चहा आणि प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुणं हे माझं काम. बाटलीवरचं नाव वाचता येतं म्हणून ती खोली माझ्याकडे दिली, आणि त्या खोलीत रघुनाथ बसायचा. निमगाव सावाचा. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, पाय काटकुळे. त्याचं काम एकच. कारखान्यातली हवा मोजायची.

त्याची पहिली ओळख माझ्या टाचेला झाली. पहिल्याच दिवशी झाडताना टाचेत काच घुसली. तांदळाएवढी, टोकदार. मी खाली बसून रक्त दाबत होते तर हा वाकून माझ्या पायाकडे बघतो आणि म्हणतो, "सापडलं का? मी कालपास्नं तेच टोक हुडकतोय."

"तुमचं टोक माझ्या पायात हाय," मी म्हटलं.

"काढतो की." आणि त्यानं खिशातला रुमाल काढला.

तो रुमाल मी कधी विसरणार नाही. रघुनाथला तपकिरीचं व्यसन. दर अर्ध्या तासाला चिमूट, मग दोन शिंका, मग तो रुमाल. मुळात पांढरा असावा. आता तो शेणानं सारवल्यासारखा तपकिरी आणि कडक झाला होता, घडी मोडली की आवाज यायचा. त्याच रुमालानं तो नाक पुसे, नळी पुसे, चहाची बशी पुसे. मिशीच्या टोकांना तपकीर कायम चिकटलेली. मी म्हटलं, "हात लावू नका. माझी मी काढते." आणि साडीच्या पिनेनं काढली.

नळ्या बोटभर लांबीच्या, पेन्सिलीपेक्षा बारीक, दोन्ही तोंडं वितळवून बंद केलेली. आत पांढरी भुकटी दाबून भरलेली आणि वर काचेवर आकड्यांच्या रेघा. नळीची दोन्ही टोकं मोडायची, एक बाजू पंपाला लावायची. पंप सायकलच्या पंपासारखाच, पण उलटा. हवा सोडत नाही, ओढतो. दांडा ओढला की बाहेरची हवा नळीतून जाते. हवेत तो खड्ड्यातला गॅस असला तर भुकटी तपकिरी होते. जिथवर तपकिरी झाली तिथला आकडा वाचायचा. खोल जागा असली तर मध्ये लांब रबरी पाइप लावून नळी खाली सोडायची, आणि दांडा वरून ओढायचा.

मी विचारलं, "वास तर मलापन येतो. त्याला नळी कशाला?"

हा प्रश्न त्याला फार आवडे. तो खुर्ची ओढून बसला. "हौसाबाई, समजा दहा लाख दाने हायेत ज्वारीचे. त्यात दहा काळे. दहाच. तुमाला दिसतील?"

"दहा लाख दाने निवडायला माझ्याकडं सून न्हाई."

"ह्या नळीला दिसत्यात. दहापतुर ठीक. शंभर झाले की मानूस उभा ऱ्हात न्हाई. त्याच्यावर गेलं की राम बोलो."

"पन वास?"

"नाक बेइमान हाय. थोडा गॅस असला की बोंबलतं आन लई गॅस झाला की गप बसतं. वास गेला म्हंजी गॅस गेला न्हाई, बाई. नाक मेलं. तुमचं नाक तुमच्या आदी मरतं. म्हनून नाकाचं ऐकायचं न्हाई. नळीचं ऐकायचं."

हे तो सगळ्यांना सांगे. नवीन हमाल आला, ट्रकवाला आला, मीटर बघायला वीजवाला आला, की "नाकाचं ऐकायचं न्हाई." ज्याच्या स्वतःच्या नाकात पावशेर तपकीर भरलेली, तो जगाला नाकाविषयी सांगत होता. पोरं मागून त्याची नक्कल करायची. मीही हसायचे. पण त्याचं म्हणणं खरं होतं. कारखान्यातल्या माझ्या एकूण पंधरा वर्षांत मला त्या गॅसविषयी कुणीच दुसरं काही खरं सांगितलं नाही.

त्याच्या हातात एक गोष्ट होती, ती मात्र पाहण्यासारखी. तो नळी मोडायचा ते दाताखाली हिरवी मिरची मोडावी तसं. टक्, टक्. मग दांडा ओढून घड्याळाकडे बघत उभा राही, आणि त्या एका मिनिटात तो खाजवायचा नाही, शिंकायचा नाही, बोलायचा नाही. त्या मिनिटापुरता तो स्वच्छ माणूस वाटे.

त्याचं वाटोळं कशानं झालं ते सांगते. मॅनेजरसाहेबांची खोली मागच्या बाजूला होती आणि तिच्या मोरीचा पाइप खड्ड्याच्या गटाराला जोडलेला. एकदा मुंबईहून पाहुणे आले होते. बूट, टाय, अत्तर. साहेब म्हणाले, "रघुनाथ, इथे जरा वास येतोय, बघ." म्हणजे उदबत्ती लाव. ह्यानं सगळ्यांसमोर नळी मोडली, मोरीजवळ उकिडवा बसला आणि दांडा ओढला. मी चहाचा ट्रे घेऊन दारात. नळी अर्ध्यापर्यंत तपकिरी झाली.

"साहेब," हा आनंदानं म्हणाला, "तुमच्या खोलीत आमच्या गिरणीपेक्षा जास्त हाय!"

पाहुण्यांनी एकदम रुमाल काढले. एकजण तर कप तसाच ठेवून बाहेर गेला. साहेबांचा चेहरा असा झाला की मला ट्रेमागं तोंड लपवावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून नळ्यांचा डबा साहेबांच्या कपाटात, कुलपात. "ह्या परदेशातून येतात. गटार हुंगायला नाहीत." वर्षाला एक डबा. डब्यात दहा नळ्या. आणि वहीत रोजचा आकडा पाहिजे, कारण तपासणीवाले वही बघतात. दहा नळ्यांत तीनशे दिवस कसे भरायचे हे साहेबांनी सांगितलं नाही. रघुनाथनं विचारलंही नाही. तो म्हणाला, "बरं साहेब."

हे "बरं साहेब" मला त्याच्या रुमालापेक्षा घाण वाटायचं.

तेव्हापासून दोन गोष्टी सुरू झाल्या. पहिली वही. सोमवारी सकाळी तो आठवड्याचे आकडे एकदम लिहून टाकी. चार, पाच, चार, सहा, पाच. एकाच पेनानं, एकाच बसकणीत. मी पुसताना वाचलं आणि म्हटलं, "भाऊ, शुक्रवारची हवा सोमवारीच कळली व्हय?"

"हौसाबाई, तुमाला वाचता येतं हे लई वंगाळ झालं."

दुसरी गोष्ट मेण. डब्यातल्या कागदावर लिहिलेलं असायचं की नळीला रंग आला नाही तर तीच नळी त्या दिवशी पुन्हा वापरली तरी चालते. त्याच दिवशी. कागद इंग्रजीत होता, त्यात काय लिहिलंय हे त्यानंच मला नंतर सांगितलं. रघुनाथनं काय केलं, ज्या नळ्या पांढऱ्या राहिल्या त्यांची मोडलेली तोंडं मेणानं बंद करून ठेवायला लागला. आधी दुसऱ्या दिवसापर्यंत. मग आठवड्यापर्यंत. मग सहा-सहा महिने, वर्ष-वर्ष. आपल्याकडे लोणच्याच्या बरणीला फडकं बांधतो, उरलेल्या बियाण्याला राख लावून मडक्यात घालतो. तसंच. टाकायचं नाही, झाकून ठेवायचं. आपल्या हाडातच आहे ते. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मेणबत्तीची थोटकं मी त्याला घरून आणून दिली. वीज जायची तेव्हा थोटकं पुष्कळ निघायची. झालेल्या नळ्या तो हळदीच्या डब्यात कापसावर निजवायचा, बाळंतिणीच्या पोरासारख्या.

"ही खरंच चालत्यात का?" मी एकदा विचारलं.

त्यानं मला घेऊन संडासाच्या गटारापाशी एक मेणाची नळी लावून दाखवली. ती थोडी तपकिरी झाली. "बघा! जित्ती हाय." झालं. एक चालली म्हणजे सगळ्या चालतात असं त्यानं ठरवलं, आणि मीही. ती नळी पंधरा दिवसांची होती आणि डब्यातल्या बाकीच्या वर्षाच्या होत्या, हा हिशोब दोघांनाही सुचला नाही.

त्या दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली. बॉयलरला झेंडूचा हार, गिरणीला हार, आणि टेबलावर रघुनाथचा पंप, हळदकुंकू लावलेला. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याला नारळ आणि टॉवेल दिला. "काटकसर शिकायची तर रघुनाथकडून शिका. दहा नळ्यांत वर्ष काढलं." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. रघुनाथ लाजून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. नवीन टॉवेल मिळाला म्हणून जुना रुमाल टाकील असं मला वाटलं. नाही टाकला.

खड्डा दर वर्षी पावसाच्या आधी उपसायचा. पाणी मोटारीनं काढलं की तळाला मांडीभर गाळ राहतो, तो माणसानं उतरून बादल्यांनी काढायचा. ते काम कुणी करत नसे. आधीची टोळी एका वर्षातच पळाली. मीच साहेबांना म्हटलं, माझा भाऊ आहे डिंभ्याला. बबन धरणात मासे धरतो, थोडी शेती आहे, उन्हाळ्यात रिकामा असतो. दोन माणसं घेऊन येईल. असा बबन आला. बरोबर मेहुणा दत्तू आणि त्याच गावचा किसन. तीन वर्षं त्यांनी ते काम केलं. त्यांना मी आणलं हे मी लपवत नाही.

चौथ्या वर्षी, खड्डा उघडायच्या आदल्या दिवशी, रघुनाथ साहेबांच्या खोलीत गेला. मी कप उचलत होते.

"साहेब, उद्या मानसं उतरनार. एक नवी नळी द्या."

"डब्यात पांढऱ्या किती आहेत?"

"चार."

"मग त्या वापर की. तुला टॉवेल कशाबद्दल दिला?" साहेब हसले. "मी उद्या पुण्याला आहे. चावी माझ्याकडेच राहील."

रघुनाथ उभा राहिला. मला वाटलं काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "बरं साहेब."

सकाळी नऊच्या सुमारास स्लॅबचं झाकण काढलं. वासाची भिंतच अंगावर आली. किसन दोन पावलं मागं सरला. रघुनाथनं डब्यातून नळी काढली, नखानं मेण खरवडलं, पाइपाला लावली आणि खाली सोडली. दांडा ओढला. घड्याळ बघत एक मिनिट उभा राहिला. नळी वर काढली. दूध ओतल्यासारखी पांढरी.

दत्तू कंबरेला लुंगी खोचत म्हणाला, "भाऊ, आज वास लई हाय बरं का. डोळ्यांत जातोय."

"नाकाचं ऐकू नको."

"डोळं झोंबत्यात."

"दत्तू, नळी बघ." त्यानं ती त्याच्या तोंडासमोर धरली. "हाय का कुठं डाग? न्हाई ना? उतर."

दत्तू माझ्याकडे वळून म्हणाला, "आक्का, संध्याकाळी मला अंघोळीला दोन बादल्या लागतील, सांगून ठेवतो." आणि उतरला.

गाळात दोन-तीन फावडी मारली असतील. गाळ ढवळला की त्यात कोंडलेला गॅस सुटतो. फावडं पडल्याचा आवाज आला. मग तो पडल्याचा. मग किसन धावला, कारण आपल्याकडे कुणी पडलं की दुसरा धावतोच. विहिरीत असो, आगीत असो, विचार करायची पद्धत नाही. आणि किसन पडला तेव्हा बबननं चपला काढल्या.

पुढचं सांगते. रघुनाथनं केस धरून त्याला वर खेचलं. बबन ताकदीचा, रोज जाळी ओढणारा. त्यानं मागं हात फिरवून रघुनाथच्या तोंडावर ठोसा मारला. दोन दात पडले, मी बघितले. रघुनाथनं सोडलं नाही. त्यानं बबनला काखेत हात घालून ओढलं, दोघं मागं पडले, आणि तो बबनच्या अंगावर पालथा आडवा झाला. सगळं वजन टाकून. बबन खालून ओरडत होता, "सोड रं भाड्या, माझा मेव्हना हाय, सोड!" रघुनाथच्या तोंडातून रक्त बबनच्या गळ्यावर पडत होतं आणि तो एवढंच म्हणत होता, "न्हाई. न्हाई. न्हाई." मी ओरडले, मग लोक आले. त्यांनी बबनला दोरीनं बांधून आंब्याच्या बुंध्याला बसवला. तो ओकत होता. कंबरेपर्यंत आत गेला होता तेवढ्यातच त्याला गॅस लागला होता.

आणि मग रघुनाथनं काय केलं? तो उठला, साहेबांच्या खोलीत गेला, विटेनं कपाटाची काच फोडली, नवा डबा काढला. नव्या नळीची टोकं मोडली, टक्, टक्. खाली सोडली. दांडा पुरता ओढला नव्हता तर नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत तपकिरी. शेवटचा आकडा ओलांडून. तो आकडा त्यानं मोठ्यानं वाचला. दोन माणसं खाली गाळात, माझा भाऊ दोरीत, आणि हा रक्ताच्या तोंडानं आकडा वाचतोय. कुणाला वाचून दाखवत होता? मला इतकी शिसारी आली की मी बादली त्याच्या अंगावर फेकली.

तासाभरानं खड्ड्यात मोठा पंखा लावून, दोरी आणि लोखंडी आकड्यांनी दोघांना काढलं. अंगाला काही इजा नव्हती. दत्तूच्या कनवटीचं तांब्याचं नाणं मात्र काळं पडलं होतं.

चौकशी झाली. साहेबांनी वही पुढं ठेवली. चार, पाच, चार, सहा, पाच. सगळं रघुनाथच्या अक्षरात. "आमच्या तपासनिसानं परवानगी दिली." कुलपाचं कुणी विचारलं नाही. रघुनाथनंही सांगितलं नाही. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्यानं मान डोलावली. नोकरी गेली, खेडच्या कोर्टात हेलपाटे सुरू झाले. मला कुणी काही विचारलं नाही. मी मेणाचं सांगितलं नाही, आदल्या दिवशीचं बोलणं सांगितलं नाही. माझा पगार चालू होता आणि घरी खाणारी तोंडं होती. त्याचीही मला किळस आहे, पण ती माझी मला. इथं त्याचं लिहितेय.

बबन त्यानंतर घरी सुखानं राहिला असं कुणी समजू नये. त्याची बायको मथुरा, दत्तूची बहीण. तिनं त्याला एकदाही म्हटलं नाही की तुम्ही एकटेच परत का आलात. पण दिवाळीच्या भाऊबीजेला ती ताट वाढून घेऊन बसायची आणि बबन त्या दिवशी धरणावर जायचा. गावात लोक म्हणायचे, मेव्हण्याला टाकून आला. बबन कुणाला सांगत नव्हता की मला बांधलं होतं. कोण सांगेल?

पाच-सहा वर्षांनी मी डिंभ्याला गेले होते. मथुरा ओट्यावर मासे साफ करत होती, बबन आत जाळं विणत होता. सकाळच्या गाडीनं रघुनाथ उतरला. पोट गेलेलं, पुढचे दोन दात नाहीत, मिशीला तपकीर तशीच. मी ओळखलं आणि उठले. तो माझ्याकडे बघूनही थांबला नाही, सरळ मथुरेसमोर जाऊन उभा राहिला. तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं, माझ्या तोंडून तेवढं ऐकलं होतं.

"म्या रघुनाथ. नळीवाला."

मथुरानं सुरी खाली ठेवली नाही. "ह्यांना धरलं ते तुमीच?"

"व्हय."

"मंग दत्तूला का न्हाई धरलं?"

 तो म्हणाला, "दत्तूला मीच उतर म्हनलो. त्यो म्हनत व्हता डोळं झोंबत्यात. मी म्हनलो उतर. नळी जुनी व्हती, बाई. वर्साची. मला म्हाईत व्हतं जुनी हाय. नवी मागितली, न्हाई दिली, मी गप बसलो. हे कोर्टात न्हाई सांगितलं. तुमाला सांगाय आलो."

आत जाळ्याची सुई थांबली. बबन दारात आला. इतक्या वर्षांत तो ह्या माणसाचं नावसुद्धा घेत नव्हता.

"तुला मला धराय कुनी सांगितलं व्हतं?"

"कुनी न्हाई."

"मंग?"

"हात गेला," रघुनाथ म्हणाला.

बबन वळून आत गेला. मथुरा मासे साफ करायला लागली.  रघुनाथ रस्त्याकडे वळला. पण गाडी कुठं होती? डिंभ्याची गाडी तेव्हा मनात येईल तेव्हा यायची. अकराची आली नाही. एवढं सांगून झाल्यावर त्या माणसाला आमच्या घरासमोर, रस्त्याच्या कडेला, दगडावर तीन तास बसावं लागलं. आम्हाला तो दिसत होता, त्याला आम्ही दिसत होतो. कुणी त्याला घालवलं नाही, कुणी ये म्हटलं नाही. ऊन फिरलं तसा तो दगड सोडून सावलीकडे सरकला.

"वन्सं, त्यो अजून हाय का?" मथुरा मला आतून विचारायची.

"हाय."

शेवटी ती तांब्या घेऊन गेली. त्याच्यापासून दोन हातांवर जमिनीवर ठेवला आणि न बोलता परत आली. तो वरून घटाघटा पाणी प्यायला, मिशीतून तपकिरीचे ओघळ सदऱ्यावर आले, आणि त्यानं खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. तो रुमाल मी ओळखला नसता तर बरं झालं असतं. तेव्हाही मला किळसच आली, खोटं कशाला बोलू. मी तांब्या राखेनं दोनदा घासला.

दोनच्या पुढं गाडी आली. भीमाशंकरहून परतणाऱ्या यात्रेकरूंनी भरलेली. कंडक्टर "चला, चला, आत सरका," ओरडत होता. रघुनाथ मागच्या दारानं चढला. लोकांनी त्याला आत ढकललं आणि दार लागलं. नंतर दोन-तीन वर्षांत तो निमगावला वारला असं ऐकलं. कशानं ते मी विचारलं नाही.

त्या सकाळी खड्ड्यावर कामाला तीन माणसं आली होती. दत्तू मेला. किसन मेला. बबन जगला.